इम्मोलाच्या डब्यातली अकरा मिनिटं : हिटलरचा खासगी आवाज

तबकडी

हिटलरचा आवाज म्हटलं की कानांत काय घुमतं ते वेगळं सांगायला नको. आवळलेल्या मुठी, फाटत चाललेला स्वर आणि समोरून उसळणारा 'हाइल'चा गजर. माहितीपट कुठलाही असो, तुकडे तेच. हाच माणूस टेबलाशी बसून, समोर चार-दोन माणसं असताना कसा बोलायचा? त्याचं खात्रीचं आणि सलग असं एकच ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. ते मी पुन्हा पुन्हा ऐकलंय आणि त्यावर इथल्या जाणकारांशी बोलायची फार दिवसांची इच्छा होती, म्हणून हा धागा.

तारीख ४ जून १९४२. फिनलंडचे सरसेनापती मानरहाइम यांचा ७५ वा वाढदिवस. फिनलंड तेव्हा जर्मनीच्या बरोबरीने सोव्हिएत रशियाशी लढत होता, पण रीतसर मैत्रीचा करार केलेला नव्हता. 'आमची लढाई वेगळी' असं फिनिश सरकार आवर्जून सांगायचं. अशा वेळी हिटलरने स्वतः शुभेच्छा द्यायला यायचं ठरवलं. मानरहाइमना ही भेट आपल्या मुख्यालयात, मिक्केलीला, नको होती. म्हणून पूर्वेकडे इमात्राजवळच्या इम्मोला विमानतळापाशी, बाजूच्या रुळावर उभ्या केलेल्या रेल्वेच्या डब्यांत सगळा समारंभ झाला. हिटलरचं फोके-वुल्फ कॉन्डोर विमान उतरलं तेव्हा त्याच्या चाकाच्या ब्रेकने पेट घेतला होता. त्या दिवसाच्या चित्रफितीत धूर दिसतो.

फिनिश आकाशवाणीचे ध्वनी अभियंता थोर दामेन तिथे शुभेच्छांची औपचारिक भाषणं मुद्रित करायला आले होते. तेवढीच परवानगी होती. भाषणं संपली, मंडळी गप्पांना बसली आणि मायक्रोफोन चालूच राहिला. तो डब्यातल्या सामानाच्या फळीवर होता आणि त्याची तार खिडकीतून बाहेर गेलेली. साधारण अकरा मिनिटांनी एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, रक्षकांच्या लक्षात ती तार आली. त्यांनी दामेनना गळा चिरण्याची खूण करून थांबायला लावलं. मुद्रण नष्ट करा असाच त्यांचा आग्रह होता, पण शेवटी ते सीलबंद ठेवायचं आणि कधीही उघडायचं नाही या अटीवर फिनिश लोकांकडे राहिलं. फिनिश सेन्सॉरचे प्रमुख कुस्ता विल्कुना यांनी ते सांभाळलं. १९५७ मध्ये ते आकाशवाणीकडे परत आलं आणि पुढे काही वर्षांनी लोकांसमोर.

आता त्यात काय ऐकू येतं ते.

पहिला धक्का आवाजाच्या पट्टीचा. खालचा, भरदार, जरा थकलेला आवाज. वाक्यं लांबच लांब. एक अर्धवट सोडून दुसरं सुरू होतं, मध्येच उसासा येतो. दार उघडमीट होतं तेव्हा तो थांबतो आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरतो. ऑस्ट्रियाकडच्या बोलण्याचा मऊपणा जाणवतो. व्यासपीठावरचा तो घोळवलेला, दातांत चावल्यासारखा 'र' इथे नाही. डब्यात फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष रिती आहेत, जर्मन फील्डमार्शल काइटेल आहेत, पण बोलतो जवळजवळ एकटा हिटलरच. मानरहाइम अधूनमधून एखादं वाक्य घालतात, तेवढंच.

आणि विषय? रशियाकडे एवढी शस्त्रं असतील याची आम्हाला कल्पना नव्हती, अशी सरळ कबुली. एखादा देश ३५,००० रणगाडे घेऊन उतरेल असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं, असं तो म्हणतो. मानरहाइम आकडा पुन्हा विचारतात, तो आकडा पुन्हा सांगतो. आम्ही आत्तापर्यंत ३४,००० च्या वर रणगाडे नष्ट केले, हेही सांगतो. आमची शस्त्रसामग्री चांगल्या हवेसाठी बनलेली आहे, हिवाळ्यातल्या युद्धासाठी तिची चाचणीच झाली नव्हती, हे सांगतो. इटलीमुळे उत्तर आफ्रिका, अल्बानिया, ग्रीस अशी ओढाताण झाली याची तक्रार करतो. रुमानियाचं तेल रशियाने घेतलं असतं तर १९४१ मध्ये आमच्या हातात काही राहिलं नसतं, ही भीती बोलून दाखवतो.

यातलं बरंचसं तेव्हा बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट या सभागृहात इतक्या उघडपणे बोलणं शक्य नव्हतं. आठच महिन्यांपूर्वी, ३ ऑक्टोबर १९४१ ला, तिथेच त्याने गर्जना केली होती की हा शत्रू मोडला आहे, तो पुन्हा उठणार नाही.

इतपत ऐकून पुष्कळ लोक म्हणतात, 'हा खरा हिटलर. मुखवटा काढलेला.' मला हे पटत नाही. कारण त्याच शांत आवाजात तो युक्रेनमधल्या क्रामातोर्स्कच्या रणगाड्यांच्या कारखान्याबद्दल बोलतो. दिवसरात्रीच्या पाळ्या मिळून ६०,००० वर कामगार, प्रचंड कारखाना, आणि मग ओघात, स्वर तसूभरही न बदलता, हे कामगार जनावरांसारखे राहत होते असं म्हणून पुढे जातो. मालाचा हिशेब सांगणाऱ्या व्यवस्थापकाच्या सुरात. मला त्या संपूर्ण फितीत सर्वांत भयंकर वाटलं ते हे वाक्य. आरडाओरडा गेला म्हणून आतला तिरस्कार गेलेला नाही. पट्टी तेवढी उतरली आहे.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः आवाजाच्या शास्त्रातलं ज्यांना कळतं त्यांनी लिहावं.

---

सुमेधा_वाचते

फार छान धागा. एक शंका. हे मुद्रण खोटं आहे असंही मी वाचलं होतं. हिटलरचा अंगरक्षक आणि टेलिफोन सांभाळणारा रोखुस मिश याला ते ऐकवलं तेव्हा, कुणीतरी नक्कल करतंय असं वाटतं, असं तो म्हणाला होता ना? वर्षानुवर्षं जवळ राहिलेल्या माणसालाच ओळखू येत नसेल तर?

---

तबकडी

@सुमेधा, हो, मिश तसं म्हणाला होता. काही ठिकाणी बरोबर वाटतं, काही ठिकाणी लकब जुळत नाही, असं त्याचं म्हणणं. पण त्याने ते साठ वर्षांनंतर ऐकलं हे लक्षात घ्या. जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे पोलिसांच्या आवाजतज्ज्ञांनी मात्र तपासून तो हिटलरचाच आवाज असल्याचं स्पष्ट सांगितलं. शिवाय मजकूर बघा. युद्धानंतर कुणी बनावट संभाषण रचलं असतं तर त्यात काहीतरी नाट्यमय घातलं असतं. इथे हवामान, तेल, इटलीची डोकेदुखी, आणि तीही अर्धवट वाक्यांत.

'डाउनफॉल' चित्रपटात हिटलरची भूमिका करणाऱ्या ब्रूनो गांझनेही याच मुद्रणावरून त्याचं खासगी बोलणं घडवलं होतं. त्यातले हळू बोलण्याचे प्रसंग आठवून पाहा.

---

रंगपीठ

नाटकाच्या आवाजाशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

लोक समजतात की हिटलर उभा राहिला आणि ओरडायला लागला. त्याचं कुठलंही पूर्ण भाषण पाहा. १० फेब्रुवारी १९३३ चं स्पोर्टपालास्टचं घ्या, चॅन्सेलर झाल्यानंतरचं. तो येतो आणि गप्प उभा राहतो. कागद सारखे करतो, हात बांधतो, सोडतो. सभागृह पूर्ण शांत होईपर्यंत तोंड उघडत नाही. सुरुवात मंद्रात, जवळजवळ पुटपुटल्यासारखी. लोकांना कान द्यावा लागतो. मग मध्य सप्तकात बराच वेळ, आणि तार सप्तकात तो फक्त ठरावीक जागी जातो, तिथून खाली येतो, पुन्हा जातो. ते भाषण त्याने 'आमेन' म्हणून संपवलं, प्रार्थनेसारखं.

म्हणजे तबकडींनी जो खर्जातला आवाज वर्णन केलाय तो व्यासपीठावरही होता. पहिल्या काही मिनिटांत. आपल्याला तो ऐकवला जात नाही एवढंच.

दुसरं, हे सगळं कमावलेलं होतं. १९३२ साली निवडणुकीच्या प्रचारात तो विमानाने गावोगाव हिंडत होता, दिवसाला तीन-चार सभा. घसा बसायला लागला. तेव्हा पाउल देव्रिएंट नावाच्या ऑपेरा गायकाला गुपचूप शिक्षक म्हणून बरोबर घेतलं. श्वास कुठून घ्यायचा, गळ्यावर ताण न देता आवाज कसा फेकायचा, हातवारे कुठल्या शब्दावर. ही शिकवणी लोकांना कळू नये याची काळजी घेतली होती. त्याआधी वीसच्या दशकात त्याचा छायाचित्रकार हाइनरिश हॉफमान याने त्याच्या हातवाऱ्यांची तालीम टिपली होती. ती छायाचित्रं बघून हिटलरने त्यांच्या निगेटिव्हच्या काचा नष्ट करायला सांगितल्या. हॉफमानने केल्या नाहीत, म्हणून आज आपल्याला ती दिसतात.

आणि गळ्याने किंमत वसूल केलीच. मे १९३५ मध्ये बर्लिनचे प्राध्यापक फॉन आइकेन यांनी त्याच्या स्वरतंतूवरची गाठ काढली. त्याला कर्करोगाची धास्ती होती, निघाली साधी गाठ. १९४४ मध्ये पुन्हा एक काढावी लागली. इतक्या वर्षांच्या माऱ्यानंतर खासगीत माणूस खालच्या पट्टीत बोलणारच. त्यात मनाचा शांतपणा शोधू नये, गळ्याची गरजही असते.

---

खडकमाळ

रंगपीठ यांच्या 'ऐकवला जात नाही' या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी जुन्या ध्वनियंत्रांची आवड असणारा.

आपण जे तुकडे ऐकतो ते बहुतेक तेव्हाच्या वृत्तचित्रांतले. ती नाझींच्याच प्रचारखात्याने कापलेली होती. दीड-दोन तासांच्या भाषणातून गर्जनेची मिनिटं उचलायची आणि मागे टाळ्या. म्हणजे आज आपल्या मनात जो हिटलर आहे तो बऱ्याच अंशी प्रचारमंत्री गोबेल्सच्या संपादनातून आलेला आहे. त्यात तेव्हाचे मायक्रोफोन आणि तबकड्या खालचे स्वर नीट पकडत नसत, म्हणून आवाज आहे त्याहून पातळ आणि कर्कश वाटतो.

अजून एक. १ फेब्रुवारी १९३३ ला त्याने पहिल्यांदा आकाशवाणीच्या मायक्रोफोनसमोर बसून राष्ट्राला उद्देशून भाषण वाचलं. समोर श्रोते नाहीत. ते सपाट झालं. पुढे त्याने स्टुडिओत एकट्याने बोलणं टाळलं आणि सभेतलंच भाषण थेट प्रक्षेपित करायची पद्धत पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'जनतेचा रेडिओ' बाजारात आला, किंमत ७६ मार्क, आणि त्याचा नमुना क्रमांक ३०१ हा ३० जानेवारी या सत्तेवर आल्याच्या तारखेवरून. कारखान्यांत, शाळांत, चौकांत काम थांबवून सामूहिक श्रवण सक्तीचं असे. घराघरांत जो आवाज गेला तो गर्दीसमोरचा. अमेरिकेत त्याच काळात रूझवेल्ट लोकांशी घरात बसल्यासारखं बोलत होते. हिटलरला ते माध्यम तसं वापरता आलं नाही, गर्दी नसली की त्याचं भाषण उठत नसे.

---

दक्षिणवाट

चर्चा छान चालली आहे पण मूळ गृहीतकालाच माझा आक्षेप आहे. मानरहाइमसोबतचं बोलणं 'खासगी' कसं? समोर परक्या देशाचा सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष. हिटलरला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं: फिनलंडने युद्धातून काढता पाय घेऊ नये आणि शक्य तर लेनिनग्राडवर किंवा मुर्मान्स्कच्या रेल्वेवर जोर लावावा. म्हणजे हीही एक सभा, फक्त श्रोते कमी.

आणि बंद दाराआड तो असाच शांत असायचा हेही खरं नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर शुशनिग याला बेर्गहोफला, म्हणजे आपल्या डोंगरातल्या घरी, बोलावून काय केलं? मार्च १९३९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे म्हातारे राष्ट्राध्यक्ष हाखा यांना मध्यरात्रीनंतर भेट दिली, प्रागवर बॉम्ब टाकण्याच्या धमक्या दिल्या, हाखांना भोवळ आली, डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि पहाटे सही घेतली. याहून बोलका प्रसंग २३ ऑगस्ट १९३९ चा. ब्रिटिश राजदूत हेंडरसन यांच्यावर तो भयंकर संतापला. हेंडरसन बाहेर पडले आणि दार लागताच त्याने मांडीवर थाप मारली, हसला, आणि म्हणाला की या संभाषणानंतर ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनचं मंत्रिमंडळ टिकणार नाही. परराष्ट्र खात्याचे वाइत्सेकर तिथे होते, त्यांनी हे लिहून ठेवलंय.

राग खराही असेल, पण तो कधी लावायचा आणि कधी बंद करायचा हे त्याला ठाऊक होतं. मग शांतपणाही तसाच लावता येत असणार.

---

तबकडी

@दक्षिणवाट, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो मला माझ्याच मुद्द्याकडे जास्त जोरात नेतो. त्या शांत आवाजात खोटं किती आहे ते पाहा.

फितीत तो सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हच्या भेटीची हकिगत सांगतो. नोव्हेंबर १९४० मध्ये मोलोटोव्ह बर्लिनला आला, फिनलंडबद्दल आणि रुमानियाबद्दल मागण्या केल्या, मी फिनलंडच्या बाजूने ठाम राहिलो. आणि रशियावर जाण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. समोर बसलेल्या फिनिश माणसांना हे गोड वाटणारच. पण ३१ जुलै १९४० लाच, म्हणजे मोलोटोव्ह यायच्या साडेतीन महिने आधी, त्याने आपल्या सेनापतींना बेर्गहोफवर सांगितलं होतं की पुढच्या वसंतात रशिया संपवायचा. मोलोटोव्हशी बोलणी चालू होती त्या १२ नोव्हेंबरच्याच दिवशी निघालेल्या लेखी आदेशात होतं की बोलण्यांचं काहीही होवो, पूर्वेकडची तयारी चालू ठेवा. आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये स्टालिनशी झालेल्या गुप्त करारात फिनलंड रशियाच्या पारड्यात कुणी टाकला होता? यानेच. रशियाने फिनलंडवर हल्ला केला आणि मानरहाइमच्या सैनिकांनी त्या हिवाळ्यात त्याची किंमत मोजली. तेही तो हळुवार आवाजात वगळतो.

म्हणून मला 'खरा आवाज कुठला' हा प्रश्नच सोडून द्यावासा वाटतो. स्पोर्टपालास्टमध्ये तो मोठ्याने खोटं बोलायचा, इम्मोलात हळू बोलला. श्रोत्याप्रमाणे पट्टी ठरायची.

तेलाची काळजी मात्र मनापासूनची असावी. या भेटीच्या तीनच दिवस आधी, १ जूनला, तो पोल्तावाला सेनापतींपुढे म्हणाला होता की कॉकेशसमधल्या मायकोप आणि ग्रोझ्नीचं तेल मिळालं नाही तर मला हे युद्ध आवरावं लागेल. सेनापती पाउलुसने युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात ही साक्ष दिली आहे. २८ जूनला त्या तेलासाठीचीच मोहीम सुरू झाली.

---

मधुमालती

त्या तारखेवर मी अडकले. ४ जून १९४२. त्याच दिवशी पहाटे प्रागच्या इस्पितळात हायड्रिख, म्हणजे व्यापलेल्या चेक प्रदेशाचा नाझी कारभारी, मेला. २७ मे रोजी त्याच्यावर हल्ला झाला होता. म्हणजे हिटलर विमानात बसला त्याच दिवशीची ही घटना. त्याचा सूड म्हणून आठवड्याच्या आत, १० जूनला, चेक प्रदेशातलं लिडित्से गाव संपवलं. १७३ पुरुषांना तिथेच गोळ्या घातल्या, बायकांना राव्हेन्सब्रुकच्या छावणीत पाठवलं, बहुतेक मुलांना पुढे विषारी वायूने मारलं. आदेश हिटलरचा.

अशा दिवशी माणूस वाढदिवसाला जाऊन तेल आणि हवामानावर या आवाजात बोलू शकतो, हे वाचून मला झोप लागली नाही. त्याच्या चिटणीस ट्राउडल युंगं मुलाखतींत सांगायच्या की तो आमच्याशी मऊ, वडीलधाऱ्यासारखं बोलायचा, आणि म्हणून आम्हाला काही दिसलं नाही. त्यांच्याबद्दल मला आधी राग होता. आता वाटतं की त्या आवाजाने फसणं किती सोपं असेल. तरीही न विचारणं हा त्यांचा निर्णय होता, आणि हे त्यांनी स्वतः म्हातारपणी मान्य केलं.

---

रंगपीठ

@मधुमालती, चिटणिसांचा विषय निघालाच आहे तर ख्रिस्टा श्रोडर या दुसऱ्या चिटणीसबाईंची आठवण सांगतो. हिटलर भाषणं तोंडी सांगायचा आणि त्या थेट टंकलिखित करायच्या, मोठ्या अक्षरांच्या यंत्रावर, कारण लोकांसमोर चष्मा लावायचा नाही हा त्याचा हट्ट. सुरुवातीला तो शांतपणे सांगायचा, मग येरझाऱ्या, मग वेग वाढायचा, आणि चर्चिल किंवा बोल्शेविकांचा विषय आला की त्या रिकाम्या खोलीत, एका बाईसमोर, आवाज सभेतल्याइतका चढायचा. चेहरा लाल व्हायचा. नटाच्या भाषेत सांगायचं तर तो भूमिकेत शिरत होता. दोन आवाजांची सीमा ऐकायची असती तर ती या खोलीत ऐकू आली असती.

---

कासारवाडी

अवांतर होईल, पण विचारतो. सुभाषबाबू हिटलरला भेटले ते याच सुमारास ना? त्या भेटीत कुठला आवाज होता?

---

दक्षिणवाट

@कासारवाडी, अवांतर नाही. ती भेट मे १९४२ च्या अखेरची, म्हणजे इम्मोलाच्या जेमतेम आठवडाभर आधीची. तिचं ध्वनिमुद्रण नाही, दुभाषाच्या टिपणावरून कळतं. नेताजींना भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर घोषणा हवी होती. हिटलरने ती दिली नाही. जर्मन फौजा भारतापासून किती लांब आहेत, मध्ये रशिया कसा आहे, हे नकाशावर समजावल्यासारखं लांबलचक सांगत बसला. 'माइन काम्फ'मध्ये त्याने भारतीय स्वातंत्र्य चळवळीबद्दल जे हिणकस लिहिलंय त्याचा विषय नेताजींनी तोंडावर काढला, हे मला फार मोठं वाटतं. त्यावर त्याने सारवासारव केली. भाषणबाजीला न बधणाऱ्या माणसासमोर त्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. नेताजी पुढे जपानकडे वळले.

---

सुमेधा_वाचते

मग खरंच खासगी, कुणाकडून काही मिळवायचं नाही असं बोलणं कुठेच टिकलेलं नाही का? जेवणानंतरच्या गप्पांची पुस्तकं आहेत त्यांचं काय?

---

तबकडी

त्या गप्पा जुलै १९४१ पासून हिटलरच्या निकटचा पक्षनेता बोरमान याच्या सांगण्यावरून हाइम आणि मग पिकर यांनी टिपून घेतल्या. पण त्या आठवणीवरून आणि त्रोटक टिपणांवरून पुन्हा रचलेल्या आहेत, बोरमानच्या नजरेखालून गेलेल्या. त्यांत वाक्यं फार सुबक आहेत. इम्मोलाचं मुद्रण ऐकल्यावर कळतं की तो इतकं सुबक बोलतच नसे.

शब्दशः हवं असेल तर लष्करी बैठकांचे लघुलेख वाचा. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये कॉकेशसच्या मोहिमेवरून सेनापतींशी भांडण झालं. माझ्या तोंडी आदेशांचा विपर्यास होतो म्हणून त्याने राइशस्टागचे, म्हणजे जर्मन संसदेचे, लघुलेखक आणून बसवले आणि रोजच्या बैठकीतला शब्द न् शब्द उतरवायला लावला. युद्ध संपता संपता ते कागद जाळण्यात आले, त्यातले थोडे अर्धवट जळालेले अमेरिकनांच्या हाती लागले. १ फेब्रुवारी १९४३ च्या बैठकीचा भाग वाचलेल्यांत आहे. पाउलुस आदल्या दिवशी स्टालिनग्राडला शरण गेला होता. त्यावर हिटलर पानंच्या पानं बोलतो. तेच ते वाक्य फिरवून पुन्हा म्हणतो, त्याने स्वतःवर गोळी झाडायला हवी होती म्हणतो, आता रशियन त्याला रेडिओवर बोलायला लावतील म्हणतो. तिथे उपाशी, गोठून मेलेल्या स्वतःच्या सैनिकांबद्दल कळवळ्याचा शब्द शोधावा लागतो. त्याच्या दोन दिवस आधी, ३० जानेवारीला, सत्तेच्या दहाव्या वर्धापनदिनी तो लोकांसमोर आलाच नव्हता. स्पोर्टपालास्टमध्ये त्याचा संदेश गोबेल्सने वाचून दाखवला.